त्रेसष्ट रुपयांची शांतता

माझ्या नेमणुकीच्या पत्रात मी हिशेबनीस असल्याचे लिहिलेले आहे. परंतु माझे टेबल दार आणि पाण्याचा फिल्टर यांच्या बरोबर मध्ये असल्यामुळे, आणि कचेरीतले एकमेव धड चालणारे पंचिंग मशीन माझ्या खणात असल्यामुळे, हिशेब हा माझा जोडधंदा झाला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्याची ही कचेरी जेमतेम आठ टेबलांची आहे. मालक कुठे गेले, चेकवर सही झाली का, फुटबॉलमध्ये दिलबहार जिंकणार की पाटाकडील, यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेच असणार, अशी आमच्या लोकांची प्रामाणिक समजूत आहे. त्यातला शेवटचा प्रश्न तर नुसत्या उत्तराने मिटत नाही. दोन संघांपैकी एकाचे नाव घेतले की दुसऱ्या संघाचा माणूस खुर्ची ओढून बसतो, आणि १९ मार्चच्या व्हाउचरवर ठेवलेले माझे बोट तिथून केव्हा सरकले, हे मला कळतही नाही.

एप्रिल महिना होता. मार्चअखेरची कामे सुरू होती आणि बँकेच्या ताळमेळात मला ६३ रुपयांचा फरक येत होता. ६३ हजारांचा आला असता तर मालकही माझ्याबरोबर बसले असते. ६३ रुपयांसाठी चार दिवस घालवणारा माणूस मात्र कोणाच्याही सहानुभूतीला पात्र ठरत नाही. "खिशातलं घाला आणि सोडा की साहेब," असे आमच्या शिपायाने मला सुचवलेही होते. हिशेबाला खिसा चालत नाही, हे त्याला समजावून सांगण्यात माझी वीस मिनिटे गेली.

वास्तविक रोग ओळखीचा होता. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यातल्या शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा दाट संभव असतो. ६३ ला ९ ने भागले की ७ येतात. म्हणजे एकक आणि दशकाच्या जागी ८ आणि १, ९ आणि २ किंवा ७ आणि ० अशी जोडी असलेली रक्कम शोधायची. इतके सोपे काम. फक्त तासभर कोणी हाक मारता कामा नये. या कचेरीत सलग शांतता मी एकदाच अनुभवली होती. ६ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी १० वाजता सारे कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले, तेव्हा आम्हीही आपापल्या टेबलांपाशी उभे होतो. १०० सेकंद किती लांबलचक असतात, हे मला त्या दिवशी कळले.

अशा स्थितीत चैत्र पौर्णिमा आली. आमच्या कचेरीतल्या तिघांच्या भावकीची सासनकाठी जोतिबाच्या डोंगरावर जाते, उरलेले "चांगभलं" म्हणायला त्यांच्याबरोबर जातात, आणि मालक स्वतःच गेल्यामुळे रजेचा अर्ज कोणाकडे द्यावा, हा प्रश्नच उरत नाही. "मी थांबतो," असे मी म्हणालो, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिले की मला ओशाळल्यासारखे झाले.

मी साडेनऊलाच कचेरी उघडली. गल्लीतली लेथ मशीने बंद होती, शेजारचे ग्राइंडिंग बंद होते, फोनही मुका होता. मी स्टेटमेंट समोर घेतले, पट्टी ठेवली, पेन्सिलीला टोक केले आणि पहिल्याच ओळीवर मला भिंतीवरचे घड्याळ ऐकू आले. सात वर्षांत ते वाजते, याचा मला पत्ता नव्हता. घड्याळाकडे दुर्लक्ष केले, तेव्हा पंख्याची कुरकुर सुरू झाली. पंखा बंद केला, तेव्हा फिल्टरमधून दर अकरा सेकंदांनी पडणारा थेंब सापडला. हे अकरा सेकंद मी मोजले होते, यावरून हिशेब कितपत पुढे गेला असेल, हे सांगायला नको. पावणेअकराला मी उगीचच सातही रिकाम्या टेबलांवरून एक फेरी मारून आलो.

साडेअकराला वॉचमन मामा आत आले. त्यांनी टोपी काढली, ती गुडघ्यावर ठेवली आणि ते माझ्यासमोर बसले.

"काय काम होतं, मामा?"

"काय न्हाई. एकटंच बसलायसा, म्हटलं जाऊन बसावं."

यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलणाऱ्या माणसाला "जरा थांबा" असे म्हणता येते. गप्प बसलेल्या माणसाला काय म्हणावे, याची सोय आपल्या भाषेत नाही. ते माझ्या पट्टीकडे पाहत होते. पट्टी थांबली की मामा वर माझ्या तोंडाकडे पाहत, म्हणून लाजेकाजेस्तव मी पट्टी सरकवत राहिलो. आणि मग, बाराला दहा मिनिटे असताना, वेल्डिंग रॉडचे बिल आले. बँकेतून गेले होते ४,५१८ आणि आमच्या वहीत होते ४,५८१. अक्षर माझेच होते.

"सापडले!" मी उभाच राहिलो. "मामा, त्रेसष्ट रुपये सापडले!"

मामांनी वाकून टेबलाखाली पाहिले. "कुठं पडलं हुतं?"

मी त्यांना समजावून सांगितले. ८ आणि १ सांगितले, ९ चा भागाकार सांगितला, कागदावर लिहूनही दाखवले. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले, टोपी डोक्यावर ठेवली आणि जाता जाता ते म्हणाले, "खरं, सापडल्यालं पैसं जवळ ठेवू नयेत, साहेब. ज्येचं त्येला द्यावं."

दुपार कशी गेली, ते मी सांगत नाही. चार दिवसांचे काम संपलेले होते आणि ते सांगायला समोर माणूस नव्हता. डोंगरावर तिघांना फोन लावून पाहिला; एकाचाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी कानशिलांवर गुलाल घेऊनच कामावर आली. मामांनी गेटवरच बातमी दिलेली असावी, कारण साडेदहाच्या आत पाच जण एकेक करून माझ्या टेबलापाशी येऊन, गेल्या आठवड्यात आपले थोडे पैसे याच बाजूला पडले होते, असे सांगून गेले. स्टोअरकीपरने तर फिल्टरकडे बोट दाखवून जागाही निश्चित केली. शिपाई मात्र सर्वांत शेवटी आला. त्याने चहाचा कप नेमका ताळमेळाच्या कागदावर ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, माझं तर पन्नासची एक नोट, धाची एक आन् सुट्टं तीन रुपयं हुतं. बघा, जुळतंय का."