‘काढलं त्याच्या उलट बसवा’ हा सल्ला अर्धाच आहे

घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: “काढता आलं की बसवताही येतं. बसवणं म्हणजे काढण्याचाच क्रम उलटा. हात पोचत नसेल तर आड येणारं काढत जा, एक्सटेन्शन लावा, जोर लावा. बसवताना करकचून आवळा, जुनेच बोल्ट आणि पॅकिंग चालतात. एखादा स्क्रू उरला तरी काही बिघडत नाही.”

मी घरी गाडीवर काम करतो आणि ज्यांना आवड आहे त्यांनी ते जरूर करावं असं मला वाटतं. पण हा सल्ला ऐकून पहिल्यांदाच बोनेटखाली हात घालणाऱ्याचं इंजिन खराब होऊ शकतं, त्याला इजाही होऊ शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“बसवणं म्हणजे काढण्याचाच क्रम उलटा.” हे वाक्य इंग्रजी दुरुस्ती-पुस्तिकांमध्ये जागोजागी दिसतं. पण तिथे अनेकदा ते पूर्णविरामाने संपत नाही. पुढे “खालील गोष्टी लक्षात घेऊन” असं येतं आणि मग नवं पॅकिंग, टॉर्कचे (बोल्ट किती पीळ देऊन आवळायचा त्याचे, न्यूटन-मीटरमधले) आकडे, कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) हवा अशी यादी असते. फिरणाऱ्या सल्ल्यात नेमकी ती यादी गळाली आहे.

क्रम काही ठिकाणी खरंच उलटा असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. आधी पॉझिटिव्हला हात घातला आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो. पण लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, काय? तो काढताना गाडी उचललेली असते, चाक खाली लोंबत असतं. त्याच अवस्थेत बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याचे) बोल्ट पूर्ण आवळले तर बुशची आतली नळी त्या कोनात जखडली जाते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर सरकतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. नवीन बुश मग वेळेआधीच फाटतं. योग्य पद्धत अशी की बोल्ट नुसते धरतील इतके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. काढण्याच्या क्रमात ही पायरी कुठेच नसते, त्यामुळे उलट क्रमात ती सापडणार नाही.

थर्मोस्टॅटचंही, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेचंही, तसंच. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीला हवा निघून जावी म्हणून बारीक भोक किंवा हलणारी पिन असते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी. नंतर कूलंट भरून हवा काढणं हे वेगळं काम आहे. हवा अडकून राहिली तर इंजिन तापतं, आणि सेन्सर हवेच्या फुग्यात असेल तर काटा ते दाखवेलच असं नाही.

“हात पोचत नसेल तर एक्सटेन्शन लावा, जोर लावा.” एक्सटेन्शनबद्दल माझी हरकत नाही. टॉर्क पान्याला सरळ एक्सटेन्शन लावलं तर बोल्टवर पोचणारा टॉर्क तेवढाच राहतो. गफलत होते ती पान्याच्या पुढे आडव्या तोंडाचा तुकडा जोडल्यावर, कारण दांड्याची लांबी बदलते. 30 सेंटिमीटरच्या टॉर्क पान्यापुढे तो तुकडा सरळ रेषेत 5 सेंटिमीटर बाहेर आला, तर पान्यावर 30 न्यूटन-मीटर लावलेलं असताना बोल्टला 35 मिळतात. तोच तुकडा काटकोनात लावला तर फरक जवळपास राहत नाही.

जोराबद्दल मात्र माझी सक्त हरकत आहे, आणि तीही बसवतानाच्या जोराबद्दल. खोल विहिरीत, म्हणजे इंजिनातल्या खोल खळग्यात, बसणारा स्पार्क प्लग घ्या. आटे दिसत नाहीत, बोटं पोचत नाहीत, आणि लोक थेट रॅचेट लावून फिरवायला लागतात. प्लग तिरका शिरला तर त्याचे पोलादी आटे हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) अ‍ॅल्युमिनियमचे आटे कापत जातात. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवा आणि त्याने हाताने फिरवा. आटे चुकले तर नळी घसरते, नुकसान होत नाही. त्याआधी, जुना प्लग काढण्यापूर्वी, विहिरीतली धूळ हवेने उडवून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. इंजिन थंड असू द्या.

“करकचून आवळा.” 14 मिलिमीटर आट्यांच्या, वायसर असलेल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर पुरतात, 12 मिलिमीटरला 15 ते 20. पंचवीस न्यूटन-मीटर म्हणजे 25 सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला जेमतेम दहा किलोचा जोर. दांड्याला पाइप अडकवून 45 सेंटिमीटर केलं की तोच जोर 45 न्यूटन-मीटर होतो. टॉर्क पाना नसेल तर नवा 14 मिलिमीटरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा. निमुळत्या बैठकीच्या, वायसर नसलेल्या प्लगला फक्त एक सोळांश फेरा लागतो. आट्यांना ग्रीस लावलं तर त्याच आकड्यावर बोल्टवरचा ताण वाढतो, म्हणून मुलामा दिलेल्या प्लगला ते लावू नये.

“जुनेच बोल्ट चालतात.” साधे बोल्ट चालतात. पण ज्यांना आधी टॉर्क आणि मग अंशांत फेरा सांगितलेला असतो, असे हेड बोल्ट बऱ्याच इंजिनांत आवळताना मुद्दाम ताणले जातात. पुस्तिकेत बदला म्हटलं असेल तर बदलाच. ब्रेकच्या पाइपवरचे तांब्याचे वायसरही दरवेळी नवे घ्यावेत.

“आड येणारं काढत जा.” काही गोष्टी घरी काढायच्याच नाहीत. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते. तिथवर हात पोचला तरी गॅसची लाइन उघडायची नाही, कारण आत दाबाखालचा गॅस असतो आणि तो यंत्राने काढावा लागतो. स्टिअरिंगमधल्या एअरबॅगलाही हौशी माणसाने हात लावू नये. आणि खालून हात पोचतो म्हणून नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. मजबूत, सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालायचं नाही.

“एखादा स्क्रू उरला तरी चालतो.” उरलेला बोल्ट कधी इंजिनाच्या अर्थिंग पट्टीचा असतो. ती सुटी राहिली की स्टार्टर कण्हतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. वॉटर पंपाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कास्टिंग तडकतं. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. एक उरलाच, तर गाडी सुरू करण्याआधी त्याची जागा शोधा.