पेटीचा सूर वेव्हटेबलमध्ये का किरकिरतो : खानापूरच्या बुवांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बुवा,

तुमची तक्रार इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. वेव्हटेबलवरचा (लहरींचे छोटे तुकडे रांगेत ठेवून त्यांतून सूर काढण्याच्या पद्धतीवरचा) लेख वाचून तुम्ही भजनी मंडळाच्या पेटीची काळी एक देवळाच्या मंडपात रेकॉर्ड केलीत आणि ती फाइल व्हायटल या संगणकावरच्या सिंथच्या ऑसिलेटरवर (सूर निर्माण करणाऱ्या भागावर) टाकलीत. आवाज आला तो माशी गुणगुणावी तसा. टेबलाचा नॉब फिरवला की मधेच आवाज बसतो. ‘पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकलेल्या बेळगावच्या कानांना हे काय ऐकवता? त्यापेक्षा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेला आवाजच वाजवणारं साधन) बरा,’ असं तुम्ही लिहिलंत.

हुबेहूब पेटी हवी असेल तर सॅम्पलरच घ्या, यात वाद नाही. पण तुम्हाला आलेले दोन्ही दोष वेव्हटेबलचे नाहीत, फाइल कापण्याचे आहेत.

व्हायटल काय किंवा सीरम हा दुसरा सिंथ काय, टेबलाच्या एका तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, 2048 सॅम्पल (आवाजाच्या एकेक मोजण्या) धरतो आणि तो तुकडा म्हणजे स्वराची एकच पूर्ण लहर आहे असं मानून पुन्हा पुन्हा वाजवतो. तुमची काळी एक साधारण 277 हर्ट्झची. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48,000 सॅम्पल घेऊन, असेल तर तिची एक लहर 173 सॅम्पलांतच संपते. म्हणजे एका फ्रेममध्ये पावणेबारा-बारा लहरी कोंबल्या गेल्या. सूर साडेतीन सप्तकं वर चढला, आणि शेवटची लहर अर्धवट तुटल्यामुळे फ्रेमचं टोक तिच्या सुरुवातीला जुळेना. ती किरकिर या सांध्याची आहे.

त्यावर उपाय असा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात मोजण्याचं एकक ‘सॅम्पल’ करा. स्थिर सुरातल्या 100 लहरी मोजून निवडा आणि त्यांच्या लांबीला 100 ने भागा. एकच लहर मोजू नका, अर्ध्या सॅम्पलची चूकही पुढे महागात पडते. समजा उत्तर 173.17 आलं. त्याला 2048 ने भागलं की 0.08456, म्हणजे वेग 91.544 टक्क्यांनी कमी करायचा. वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट उघडा आणि टक्क्यांच्या रकान्यात -91.544 लिहा. गुणकाच्या रकान्यात 0.085 असा गोळाबेरीज आकडा घातलात तर लहर 2037 सॅम्पलांची होते. दर फ्रेमला जवळपास 11 सॅम्पल घसरतात आणि 64 फ्रेमनंतर लहर एक तृतीयांश सरकलेली असते.

मग लहर जिथे शून्यरेषा ओलांडून वर चढते तिथून सुरुवात धरा आणि नेमके 1,31,072 सॅम्पल ठेवा. हे 64 फ्रेम झाले. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमची सुरुवात मोठी करून पाहा. लहर दोन्हीकडे एकाच जागी असली पाहिजे. फाइल मोनो, 32 बिट फ्लोट वेव्ह म्हणून काढा.

मधेच आवाज बसतो त्याचं कारणही हेच सरकणं. नॉब दोन फ्रेमच्या मध्ये असताना सिंथ दोघांची बेरीज करतो. एकीची लहर वर आणि दुसरीची खाली असेल तर त्या एकमेकींना खातात. सीरमच्या संपादकात सगळ्या फ्रेममधल्या मूळ सुराचा फेज (लहर कुठून सुरू होते ती जागा) सारखा करून घेता येतो. तरी आधी कापणी नीट करा, मग त्या सोयीकडे वळा.

आता खास पेटीची अडचण. तुम्ही बहुधा दोन्ही स्टॉप (रीडच्या संचांना हवा सोडणारे खुंटे) उघडे ठेवून वाजवलंत. एकाच सुराच्या दोन रीड किंचित वेगळ्या लागलेल्या असतात, त्यातून ती संथ हिंदोळणारी गोडी येते. सेकंदाला दोन हिंदोळे असतील तर एक हिंदोळा अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सुमारे 139 लहरींचा. एका लहरीच्या फ्रेममध्ये तो मावणं शक्यच नाही. म्हणून एकाच रीडचा स्टॉप उघडा, कपलर (सप्तकाचा जोडसूर आपोआप वाजवणारी सोय) बंद ठेवा. तेच टेबल दुसऱ्या ऑसिलेटरवर घेऊन त्याची ट्यून 12 सेंट (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) वर करा. 277 हर्ट्झला साधारण दोन हिंदोळे परत येतील. खर्जाची साथ हवी तर तिसरा ऑसिलेटर बारा पट्ट्या खाली.

रेकॉर्डिंग मंडपात नको. घुमारा आला की आधीच्या लहरी पुढच्यांत मिसळतात. आणि सूर खालचा घ्या. 277 हर्ट्झच्या सुरात 24 किलोहर्ट्झपर्यंत (48 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगची वरची मर्यादा) 86 हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) मावतात, 138 च्या सुरात 173. वरच्या सुरावरून केलेलं टेबल खर्जात वाजवलं की आवाज मंद, घोंगडी पांघरल्यासारखा येतो.

भात्याचा दाब वाढला की वरचे हार्मोनिक उठतात. हलका, मध्यम, जोराचा असे तीन दाब वेगवेगळे घेऊन क्रमाने जोडा, टेबलाची जागा मॉड्युलेशन चाकाला बांधा. पेटीला याहून जास्त दाबांची गरज नाही.

वेव्हटेबलची खरी ताकद मात्र तानपुऱ्यात दिसते, आणि तानपुऱ्यांचं मिरज तुमच्यापासून लांब नाही. जवारी (घोडीवरच्या दोऱ्याने येणारा झंकार) लागलेली तार छेडल्यावर सुराचा रंग क्षणाक्षणाला बदलत जातो. जोडाची तार 138 हर्ट्झला असेल तर सलग 256 लहरी (256 फ्रेम) म्हणजे 1.85 सेकंद. जवारी उमलण्याचा मुख्य भाग एवढ्यात येतो. साध्या सॅम्पलरमध्ये ते उमलणं रेकॉर्डिंगच्या वेगाने बांधलेलं असतं. इथे ते हवं तितकं हळू करता येतं, मधेच थांबवता येतं, उलटही फिरवता येतं, आणि पट्टी बदलली तरी वेग तोच राहतो. हे साध्या सॅम्पलरवर करून बघा.

सौंदत्तीच्या जोगत्यांचं चौंडकंही (यल्लम्माच्या भक्तांचं तारेचं तालवाद्य) करता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. त्यात तारेचा ताण बदलत असल्याने प्रत्येक लहरीची लांबी वेगळी. वरची कापणी चालणार नाही. व्हायटलमध्ये फाइल टाकताना पिच स्प्लिस (सूर ओळखून तुकडे पाडणारा पर्याय) निवडा. तरीही ठेक्याचा आघात हरवतोच, त्यामुळे चौंडक्याला मी सॅम्पलरच सुचवेन.

पैशांचं म्हणाल तर व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट आहे आणि सर्ज एक्सटी हा आणखी एक सिंथ पूर्ण मुक्त. आधी एका रीडचा खालचा सूर घेऊन 64 फ्रेम करा. तरीही किरकिर उरली तर 100 लहरींची लांबी इथे लिहा, गणित तपासून सांगतो.