शांत सर्व्हर, टॉवर कूलर आणि लेखातली माझी चूक

नमस्कार,

सर्व्हर शांत करण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सर्व्हरमध्ये टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा राहणारा, स्वतःचा पंखा असलेला उंच कूलर) बसवणं हा पोरखेळ आहे, सर्व्हरसोबत बिनपंख्याचा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) येतो तो उगाच नाही, आणि माझं ऐकून लोक बोर्ड जाळून घेतील, असं तुमचं म्हणणं. यातलं शेवटचं बरंचसं मान्य आहे. पहिलं अजिबात नाही.

१यू केस (‘यू’ हे रॅकमधल्या सर्व्हरच्या उंचीचं माप) ४४.४५ मिमी उंच. तिथे ४० मिमीचे पंखे मिनिटाला १५ हजार फेऱ्यांच्या घरात पळवावेच लागतात, आणि तिथे बिनपंख्याचा हीटसिंकच योग्य. मी बोलतोय ३यू-४यूबद्दल. इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४ घ्या, १२० वॅट. त्याची उष्णता बाहेर न्यायची आणि हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साधारण १० लिटर हवा लागते. ती ४० मिमीच्या पंख्यातून ढकला किंवा ९२ मिमीच्या, हवा तेवढीच. पण मोठ्या पंख्याचं क्षेत्रफळ पाचपटीहून जास्त, त्यामुळे हवेचा वेग पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो. आणि पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. एवढा फायदा समोर असताना ४यूमध्ये किंचाळणारे पंखे कशासाठी सहन करायचे?

आता माझी चूक. ४यू म्हणजे १७७.८ मिमी, तेव्हा १५८ मिमीचा नॉक्टुआ एनएच-यू१२एस आरामात बसेल, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. ही बाहेरची उंची झाली. पत्रा, स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खुंट), बोर्ड, सॉकेट आणि प्रोसेसर वजा जाता बऱ्याच केसमध्ये १५०-१५५ मिमीच्या आसपासच उरतं. माझ्या लेखावरून कुणी कूलर मागवला असेल तर मनापासून क्षमस्व. या झिऑनच्या २०११ सॉकेटसाठी ४यूमध्ये १२५ मिमीचा नॉक्टुआचाच एनएच-यू९डीएक्स आय४ घ्यावा. सॉकेटची भोकं मात्र आधी मोजा: चौकोनी माउंट ८० बाय ८० मिमी, नॅरो (अरुंद) ५६ बाय ९४. डेस्कटॉपचे अनेक कूलर फक्त चौकोनीवर बसतात.

बोर्ड जळण्याची तुमची भीती खरी आहे. सर्व्हर बोर्डचे व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारे भाग), रॅम आणि कार्डं पुढून मागे वाहणाऱ्या हवेवर जगतात. एलएसआयच्या एचबीए, म्हणजे डिस्क जोडायच्या, कार्डाला मिनिटाला २०० फूट वेगाची हवा लागते, ती प्रोसेसरचा कूलर देत नाही. म्हणून केसच्या मधल्या पंख्यांची भिंत काढू नका. तिथे १२० मिमीचे पंखे सावकाश फिरवा आणि फटी बंद करा.

फटींचं मी स्वतः भोगलंय. व्हीआरएम तापत होते, कारण कळेना. शेवटी झाकण थोडं सरकवून पंख्यांच्या भिंतीच्या कडेला टिश्यूपेपरची पट्टी धरली. मागे जायला हवी ती पट्टी पुढे ओढली जात होती. म्हणजे तापलेलीच हवा फटीतून फिरून पुन्हा पंख्यांत शिरत होती. फोमची पट्टी चिकटवली आणि पंख्यांचा वेग न वाढवता तापमान खाली आलं.

अजून एक गोष्ट लेखात राहून गेली. शांत पंखे लावल्यावर सगळे पंखे काही सेकंदांनी एकदम गर्जायचे, मग शांत, मग पुन्हा तेच. पंखा बिघडलेला नव्हता. सावकाश फिरणारा पंखा बोर्डच्या बीएमसीने (पंखे आणि तापमानावर नजर ठेवणारी चिप) ठरवलेल्या किमान फेऱ्यांच्या खाली जायचा, बीएमसी त्याला मेला समजून सगळ्यांना पूर्ण वेगाने सोडायचं. आयपीएमआयटूल या प्रोग्रॅमने ती किमान मर्यादा खाली आणली की हे थांबतं. पण पंखा खरोखर बंद पडला तर इशारा मिळेल इतकी ती ठेवा, शून्य करू नका.

उंचीचं कोष्टक आज दुरुस्त करतोय, आणि व्हीआरएमबद्दलचा इशारा आता लेखात सगळ्यात वर येईल. तुमचा बोर्ड कोणता, माउंट नॅरो की चौकोनी, आणि प्रोसेसरच्या माथ्यापासून झाकणापर्यंत किती मिमी भरतं, एवढं कळवा. त्यावरून कोणता कूलर बसेल ते नेमकं सांगता येईल.