साडी नेसून बसून बघितलंत का?

लग्नाच्या साड्या घ्यायला निघालेल्या मंडळींत नवरी सोडून बाकी सगळ्यांना नवरीची अंगकाठी तोंडपाठ असते. ‘वरून बारीक आहे गं, पण खाली बघ की,’ हे आत्या पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या गादीवरून दुकानभर ऐकू जाईल असं सांगते आणि सेल्समन गंभीरपणे मान डोलावतो. इंटरनेटवर तेवढीही मुरवत नाही. तिथे अंगकाठीवरून बाईचं सरळ फळ करून टाकतात: खाली रुंद असेल तर पेअर, मध्ये गोल असेल तर अ‍ॅपल.

माझं मत विचाराल तर नवरीचा आकार उभ्याने ठरवायचाच नाही. दुकानातल्या आरशासमोर ती उभी असते. लग्नात मात्र पाटावर मांडी घालून बसते, नमस्काराला वाकते आणि मित्रांनी उचलून धरलेल्या नवऱ्याच्या गळ्यात हार घालायला हात वर करते. साडी फसते ती इथे.

शिवलेल्या नऊवारीचंच बघा. टेलर कंबर, सीट, मांडी आणि उंची घेतो. खरं माप राहून जातं ते आसनाचं, म्हणजे कमरेच्या पुढच्या मध्यापासून दोन पायांमधून मागच्या मध्यापर्यंतचं. ते मांडी घालून बसल्यावर घ्या. उभ्याने घेतलंत तर सप्तपदीपर्यंत काष्टा ताणला जाऊन कंबर मागून खाली उतरलेली असते. उंचीचं माप अनवाणी घ्या, कारण विधी अनवाणीच होतात. रिसेप्शनच्या सहावारीला मात्र आधी सँडल घाला, मग उंची ठरवा.

सहावारीत पोट दिसतं, अशी तक्रार असते. सहा निऱ्या म्हणजे कमरेत कापडाचे बारा थर, त्याखाली परकराची चुण्यांची पट्टी आणि बरोबर मध्यभागी नाडीची गाठ! यातलं पोट किती आणि परकर किती, हे आधी तपासा. गाठ बाजूला घ्या, घेरदार परकराऐवजी फिशकट, म्हणजे कमरेला अंगासरशी बसणारा परकर घाला. टिशू किंवा ऑर्गेन्झाचं कडक कापड कमरेवर फुगून उभं राहतं, मऊ रेशीम अंगासरशी पडतं. उंची पाच फुटांच्या आतबाहेर असेल तर रुंद काठ पाय आखूड दाखवतात. बोटभर नारळी काठाची पैठणी मागा. सेल्समन ‘रुंद काठच उठून दिसतो’ म्हणेल. दिसतोच. काठच दिसतो.

आता ब्लाउज. हात वर होत नाही म्हणून सगळ्या जणी ‘मुंढा (म्हणजे बाही जोडायचा काखेचा घेर) खाली घ्या, सैल करा’ सांगतात आणि नेमकं उलटं होतं. मुंढा खाली उतरला की हाताबरोबर अख्खं ब्लाउज वर चढतं. तो काखेला नीट लागून हवा, सैलपणा बाहीच्या घेरात हवा. बाहीवर वाकी घालायची असेल तर बाही कोपराच्या वरच संपवा, नाहीतर हात दुमडला की बाहीच्या काठाची जर टोचते. ठुशी गळ्याला घट्ट बसते, त्यामुळे मान आखूड असेल तर ब्लाउजचा गळा रुंद शिवा.

‘लग्नापर्यंत पाच किलो कमी करणारच आहे’ या भरवशावर ब्लाउज शिवू नये. साखरपुडा ते लग्न या काळात केळवणं असतात, आणि केळवणाला ‘अजून एक पुरणपोळी’ला नाही म्हणणारी नवरी अजून पाहण्यात नाही. दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच मार्जिन ठेवायला सांगा आणि शेवटचं फिटिंग शेवटच्या केळवणानंतर करा. कॉटनचा फॉल लावण्याआधी भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो, रेशीम तेवढं आटत नाही, आणि निऱ्यांच्या कडेला चुण्या पडतात.

थोडक्यात, ट्रायल रूममध्ये मांडी घालून दहा मिनिटं बसा, वाका, हात वर करा. बाहेर आत्या दार वाजवत असेल, वाजवू दे.

रंगाबद्दल मी बोलत नाही. मामाकडची साडी पिवळी असते. ती अंगाला शोभते का, हे मामीसमोर विचारून बघा.