कथिलाचं काम

"बाबा, तू बीएस्सी फिजिक्स ना?" कन्येचा आवाज असा मऊ झाला की मी आधी पाकीट चाचपतो. या खेपेला पाकिटावर नाही, अब्रूवर बेतलं होतं.

गणित दोन ओळींचं. एक मोल, म्हणजे 118.7 ग्रॅम, पांढरं कथील 13.2 अंश सेल्सिअसला करड्या कथिलात बदलतं; धातू तोच, रूप वेगळं. दाब एक वातावरण. तर काम किती? बँकेत व्हाउचरवर सही ठोकावी तशा थाटात मी पीव्ही इज इक्वल टू एनआरटी लिहिलं.

"ते वायूला, बाबा. हा धातू आहे."

मग घनता काढली. घनसेंटिमीटरला पांढऱ्याची 7.3 ग्रॅम, करड्याची 5.77. म्हणजे 118.7 ग्रॅम कथील थंडीत आकसायचं सोडून 4.3 घनसेंटिमीटर फुगतं, आणि त्यापायी त्याचा भुगा होतो. स्वयंपाकघरातून आईने कान टवकारले.

"म्हणजे थंडीत पातेल्याची कथिलाची कल्हई उडते की काय रे?"

पुण्यात डिसेंबरात पारा तेराखाली उतरतोच. मी म्हटलं, "अगं, हा बदल भारी रेंगाळतो, शून्याच्या बराच खाली गेल्यावर जोर धरतो. शिवाय कथिलात थोडं शिसं असलं तर आणखी अडतो."

"शिसं कसलं, त्या मेल्या कल्हईवाल्याने नुसता नवसागराचा धूर केला होता. दुसऱ्या दिवशी ताक कळकलं!"

काम म्हणजे दाब गुणिले वाढलेलं आकारमान. पण धुराच्या नादात मी घनसेंटिमीटरचे घनमीटर करताना दहा लाखांऐवजी शंभराने भागलं. उत्तर आलं 4,357 जूल. या बदलात बाहेर पडणारी उष्णताच मुळी दोनेक हजार जूल.

"वरचे कुठून आणले, बाबा? ओव्हरड्राफ्ट?"

शून्यं जागेवर बसवली, तेव्हा हाती उरलं 0.44 जूल. एवढ्यासाठी दीड तास! पण खरं भांडण पुढेच होतं. आमच्या वेळी फिजिक्सला पदार्थाने केलेलं काम अधिक धरत. कथील फुगलं, हवेला ढकललं, म्हणून अधिक. तिच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात पदार्थावर झालेलं काम अधिक, म्हणून आमचं उणे. मी म्हटलं, "पगार मला जमा, बँकेला नावे, तसंच हे." तिने पुस्तकातलं उणे चिन्ह पेन्सिलीने गिरवून जाड केलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

तेवढ्यात चहा आला. दोनशे ग्रॅमचा भरला कप मी टेबलावरून वीतभर उचलला. हिशेब केला तर बरोब्बर 0.44 जूल.

"अधिक की उणे?" कन्येने विचारलं.

"आधी पिऊ दे त्याला," आई म्हणाली.