संथाळांचा उठाव केवळ सावकारांविरुद्ध होता काय?

३० जून, म्हणजे या उठावाचा स्मरणदिन, जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो. १८५५ चा संथाळ आदिवासींचा हूल (उठाव) म्हणजे सावकार आणि ऋणको यांच्यातला झगडा, कंपनी सरकारने तर उलट संथाळांना जमीन दिली होती, आणि काही महिन्यांत मोडलेल्या या बंडातून कोणाच्याच पदरात काही पडले नाही, असे त्याचे सार.

जमीन दिली, हे अर्धेच खरे. आजच्या झारखंडमधील राजमहालच्या डोंगरांतले पहाडिया आदिवासी स्थिर नांगरशेतीला तयार होईनात, तेव्हा कंपनीने १८३२ मध्ये तेथील पायथ्याचा मुलूख ‘दामिन-इ-कोह’ या नावाने आखला आणि तेथे संथाळ वसवले. पहिल्या दहा वर्षांत किमान एक दशांश जमीन लागवडीखाली आलीच पाहिजे, अशी अट होती. १८३८ मधील ४० गावांची १८५१ पर्यंत १,४७३ गावे झाली आणि साऱ्याची, म्हणजे जमीनमहसुलाची, मागणीही वाढत गेली. जंगल तोडले संथाळांनी. त्यावर वाढता सारा घेणाऱ्याला दाता कसे म्हणायचे?

सावकारी जुलूम नाकारण्याचे कारण नाही. धान्य घेताना एक माप आणि देताना दुसरे, कर्जापायी पिढीजात वेठ, हे सारे होतेच. पण सावकाराला एवढे बळ कोठून आले, हा प्रश्न त्या मजकुरात येतच नाही. रोख सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागे, त्या कर्जाचा हुकूमनामा दूरच्या दिवाणी न्यायालयातून येई आणि दाद मागणाऱ्याची गाठ पडे ती दारोग्याशी, म्हणजे पोलीस ठाण्याच्या अंमलदाराशी. ७ जुलै १८५५ रोजी, उठावाच्या आरंभीच, मारला गेला तो दारोगा महेशलाल दत्त, हे त्यामुळेच आश्चर्याचे वाटत नाही. शिवाय उठावाचे नेते सिदो-कान्हू यांच्या ‘ठाकूरच्या परवान्या’त, म्हणजे देवाच्या नावाने काढलेल्या आज्ञापत्रात, महाजनांच्या (सावकारांच्या) पापाबरोबर साहेबांचे आणि त्यांच्या अमल्यांचे (कचेरीतल्या नोकरांचे) पाप सांगितले असून, हा देश साहेबांचा नाही, असेही म्हटले आहे. लढणाऱ्यांनी स्वतः सांगितलेले कारण इतक्या सहजपणे बाजूला सारता येत नाही. सरकारलाही हा निव्वळ देण्याघेण्याचा तंटा वाटला नसावा, अन्यथा १० नोव्हेंबरला लष्करी कायदा पुकारावा लागला नसता.

राहिला निष्फळतेचा मुद्दा. बंड निर्दयपणे मोडले गेले, यात शंका नाही. तथापि त्याच वर्षीच्या ३७ व्या कायद्याने सामान्य नियमांतून वगळलेला संथाळ परगणा वेगळा काढण्यात आला, आणि त्याच वाटेवरचा १९४९ चा कुळकायदा तेथील रयतेच्या जमिनीच्या हस्तांतरणावर आजही निर्बंध घालतो.