काळ्या टी-शर्टात पैसे कसे घालावेत

अमेरिकेतल्या पोरासोरांना बँडचे टी-शर्ट विकणाऱ्या दुकानांचे शेअर घ्यायचेत? उत्तम! गेल्या बुधवारपर्यंत माझ्याकडेही होते, तेव्हा चार युक्त्या हक्काने सांगतो.

शनिवारी मॉलमध्ये जा. दुकानात गर्दी दिसली की तिथूनच फोनवर शेअर घ्या. गर्दीतल्या किती हातांत पिशव्या आहेत, ते मोजत बसू नका.

ताळेबंद वाचू नका. डोळे जातात.

इतिहास सोयीपुरताच बघा. असेच शर्ट विकणारी हॉट टॉपिक ही कंपनी १९८९ मध्ये सुरू झाली, १९९६ मध्ये शेअर बाजारात आली. बस, इथेच थांबा. २०१३ मध्ये सिकॅमोर पार्टनर्स या खासगी गुंतवणूक कंपनीने शेअरमागे १४ डॉलर भावाने ती अख्खी उचलून बाजाराबाहेर नेली. तिच्याच पोटची टॉरिड ही कपड्यांची कंपनी २०२१ मध्ये २१ डॉलरला बाजारात आली. पुढचा आलेख बघायचा तर आधी खुर्चीवर बसा. डेलियाज, वेट सील, पॅकसन, एरोपोस्टेल या तरुणाईच्या लाडक्या दुकानांनी २०१४ ते २०१६ मध्ये ओळीने दिवाळखोरीचे अर्ज केले. पण तुमची कंपनी वेगळी, नाही का?

आणि व्यवस्थापनावर श्रद्धा ठेवा. विक्री वाढली की त्यांची दूरदृष्टी, घटली की हवामान. माझी कंपनी (नाव घेत नाही) आधी म्हणाली, थंडी पडली नाही म्हणून हुडी पडून राहिल्या. मग म्हणाली, थंडी फार पडली म्हणून गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्यानंतर ईस्टर लवकर आला. अहो, पंधरा वर्षांच्या पोरीला तुमचा शर्ट नकोसा झालाय, त्यात ईस्टरने काय घोडं मारलं? बँडच्या लोगोचे पैसे मोजायचे, मालाची ऑर्डर काही महिने आधी द्यायची, दुकानाच्या भाड्याचे करार वर्षानुवर्षांचे, आणि हे सगळं कुणाच्या भरवशावर? तर सहामाहीला दैवत बदलणाऱ्या गिऱ्हाइकाच्या! तिमाहीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच शेअर २२ टक्के आपटला. गुंतवणूकदारांसाठीच्या फोनवर मात्र कंपनीचे साहेब म्हणतात, "आम्ही उत्साहित आहोत." व्हा की! पगार चालू आहे तुमचा.

शेअर विकून टाकल्यावर लेकीला घेऊन त्याच दुकानात गेलो. मागच्या भिंतीशी एकाच बँडचे तीसेक काळे शर्ट टांगलेले, सवलतीच्या लाल चिठ्ठीवर दुसरी लाल चिठ्ठी. तिने एकाची बाही दोन बोटांनी उचलली. "ई बाबा, हे आता आमचे टीचर घालतात."

ते शर्ट काही त्या रात्रीत आले नव्हते. विक्री जागच्या जागी आणि साठा फुगत चाललेला, हे कंपनीच्याच तिमाही अहवालात छापलेलं होतं. फुकट मिळतो तो. दोन आकडे बघायला दोन मिनिटं लागतात. मी बघितले नाहीत, मूर्खपणा केला. पण तुम्ही तरी काय दिवे लावणार आहात? एवढं वाचूनही आत्ता पोरीलाच विचारताय ना, वर्गात सध्या कोणता बँड चालू आहे म्हणून?